नकाशात नसलेल्या गावी

प्रवासाला निघणारा मनुष्य आधी नकाशा पाहतो. आम्ही या दसऱ्याच्या सुटीत निघालो ते मात्र नकाशात नसलेल्या गावी. त्या गावाचे नाव मालगुडी. आमचा बेत ऐकून सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, गाव खरे नाही म्हणता, मग तिकीट कुठले काढणार?" प्रश्न बिनतोड होता. "शिवमोग्ग्याचे," एवढेच उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. मग कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक छत्री यांची बांधाबांध झाली, आणि कलबुर्गीहून रात्रीच्या बसने आम्ही उभयतांनी प्रस्थान ठेवले.

वाचकांपैकी जे आज पन्नाशीच्या आसपास असतील, त्यांना मालगुडी म्हणजे काय हे सांगावयास नको. १९८६-८७ च्या सुमारास दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' ही मालिका लागत असे. स्वामी नावाचा एक चुणचुणीत मुलगा, त्याचे कडक वडील, प्रेमळ आजी, शाळेतील मास्तर आणि गावातील नाना तऱ्हेची माणसे यांच्या त्या कथा. त्यांत विनोद होता, पण टवाळी नव्हती. माणूस फजीत होई, पण त्याची अप्रतिष्ठा होत नसे. अशी विनोदी मालिका ज्या गावात चित्रित झाली, ते गाव आपल्याच राज्यात असून आपण पाहू नये, ही रुखरुख आम्हांला अनेक वर्षे होती.

आमचे मूळ गाव आळंद तालुक्यात. दूरचित्रवाणी आमच्या जिल्ह्याला नवी नव्हती. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांना कार्यक्रम दाखविण्याचा जो देशव्यापी प्रयोग झाला, त्यात कर्नाटकातील कलबुर्गी, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे होते. देशातील सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांना त्या वेळी संच मिळाले. आमचे गाव त्या यादीत नव्हते. आमच्याकडे पहिला संच आला तो दहा वर्षांनी, एका व्यापाऱ्याच्या वाड्यात. 'मालगुडी' लागण्याच्या वेळी त्या वाड्याचा चौक भरून जाई. कोणी माळवदावर चढून अँटेना फिरवी, कोणी खालून "आले, आले, गेले" असा पुकारा करी. आम्ही तेव्हा दहावीच्या वर्गात होतो. आमच्या मातोश्रींना मराठी आणि बाजारापुरते कन्नड येई. हिंदी कानांवरून जाई तेवढेच. तरी स्वामीची आजी बोलू लागली की त्या पदराने डोळे टिपीत हसत. भाषा कळत नाही आणि माणूस कळतो, हा चमत्कार आम्ही तेव्हा प्रथम पाहिला.

त्या अगोदर मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांची मालिका गाजली होती. दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ यांची वर्णने पुण्याच्या नातेवाइकांकडून ऐकून आम्ही समाधान मानीत असू, कारण ते प्रक्षेपण आमच्यापर्यंत पोहोचत नव्हते. चिं. वि. स्वतः बडोद्यात पाली भाषेचे प्राध्यापक होते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने निर्माण केलेला विनोद महाराष्ट्राबाहेरच्या आम्हां मराठी मुलांना पाहावयास मिळू नये, हाही एक विनोदच. तेव्हा आमच्या वाट्याला जे आले ते मालगुडी.

आता या मालगुडीची जन्मकथा. आर. के. नारायण यांनी १९३० साली विजयादशमीच्या मुहूर्तावर कोरी वही घेऊन लिहावयास आरंभ केला, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्याने उभे राहिले ते एक लहानसे रेल्वे स्थानक. त्या स्थानकाला मालगुडी हे नाव सुचले. पुढे त्या स्थानकामागे गाव उभे राहिले, नदी वाहू लागली, शाळा भरली. 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही पहिली कादंबरी १९३५ मध्ये ग्रॅहॅम ग्रीन या इंग्रज लेखकाच्या खटपटीने इंग्लंडात प्रसिद्ध झाली. आम्हांला विशेष वाटते ते हे, की नारायण यांचे वडील मुख्याध्यापक होते. मैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचा कारभार त्यांच्याकडे होता. नारायण यांनी स्वतः थोडे दिवस मास्तरकी करून पाहिली आणि ती लगेच सोडली. मास्तरांना ते आतून-बाहेरून ओळखत होते, हे त्यांच्या लिखाणात आम्हां मास्तरांना पदोपदी जाणवते, आणि ते नेहमीच सुखावह असते असे नाही.

मालिकेचे दिग्दर्शक शंकर नाग. हे मूळचे उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावरकडचे, घरची भाषा कोंकणी. तरुणपणी ते मुंबईस गेले आणि मराठी रंगभूमीवर रमले. त्यांचे वडील बंधू अनंत नाग यांचीही उमेदवारी मुंबईच्या रंगभूमीवरच झाली. स्वामीच्या वडिलांची भूमिका केली ती गिरीश कार्नाड यांनी. त्यांचा जन्म माथेरानचा. मूळ लेखक तमिळभाषी, लेखन इंग्रजीत, मालिका हिंदीत, दिग्दर्शक कोंकणीभाषी आणि गाव कन्नड! लेखकाचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि एल. वैद्यनाथन यांचे संगीत यांनी त्यावर साज चढविला. आमचा बिदर जिल्हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तीन ठिकाणी वाटला गेला; उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, काही भाग आंध्रात गेला, आणि भालकी, हुमनाबाद, औराद इकडे राहिले. "तुम्ही नक्की कुठले?" हा प्रश्न आम्ही दोन्हींकडे आयुष्यभर ऐकत आलो. म्हणूनच की काय, इतक्या भाषांनी मिळून वसविलेले आणि कोणत्याच सीमारेषेत न बसणारे हे गाव आम्हांला आपले वाटत आले.

शिवमोग्ग्यास पहाटे उतरलो. आन्हिके उरकून प्रथम गेलो ते अरसाळू स्थानकास. शिवमोग्ग्याहून सागर-ताळगुप्प्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कुंसीच्या पुढे हे लहानसे स्थानक आहे. मालिकेतील मालगुडी स्थानक ते हेच. त्या काळी हा मार्ग मीटरमापी होता. २०१०-११ च्या सुमारास तो रुंदमापी झाला, नवी इमारत आली आणि जुनी बैठी इमारत निरुपयोगी ठरून पडून राहिली. पुढे रेल्वेने ती पाडण्याऐवजी दुरुस्त केली आणि २०२० मध्ये तेथे मालगुडी संग्रहालय केले. मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनीच या कामात हात घातला, ही मोठी योग्य गोष्ट झाली. ज्याने एकदा खोटे मालगुडी उभारले, त्याच्याच हातून त्याची खरी स्मृती उभी राहिली.

कौलारू इमारत, पुढे पडवी, आत मालिकेतील प्रसंगांची आठवण देणाऱ्या आकृती आणि चित्रे. बाहेर जुन्या मीटरमापी गाडीच्या डब्यात चहाची सोय आहे. सौभाग्यवती चहा घेत असता आम्ही फलाटावर एकटेच उभे राहिलो. कादंबरीच्या अखेरीस स्वामीचा जिवलग मित्र राजम गाव सोडून जातो. दोघांत अबोला झालेला असतो. स्वामी धावत स्थानकावर येतो आणि गाडी सुटता सुटता एक गोष्टींचे पुस्तक त्याच्या हाती पडावे म्हणून धडपडतो. मित्र काही बोलला की नाही, हे गाडीच्या खडखडाटात त्याला नीट कळतच नाही. आमच्या शाळेतून दहावी झालेली मुले दरवर्षी अशीच निघून जातात. कोणी हैदराबादला, कोणी पुण्याला, कोणी लातूरला. त्यांच्या मनात आपल्याविषयी काय राहिले, हे आम्हांलाही गाडीच्या आवाजात ऐकू आलेले नसते.

दुसऱ्या दिवशी तीर्थहळ्ळीमार्गे आगुंबे. शिवमोग्ग्यापासून अंतर सुमारे ९० किलोमीटर. तीर्थहळ्ळी सोडल्यावर सुपारीच्या बागा आणि त्यांच्यामागे दाट अरण्य सुरू होते. आगुंब्यास वर्षाकाठी ७००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्या बिदर-कलबुर्गीकडे चांगल्या वर्षी सात-आठशे झाला तरी लोक संतुष्ट असतात. आमच्याकडे माळवदाची घरे आणि अंगणात शहाबादी फरशी. येथे घरांची छपरे इतकी उतरती की जणू प्रत्येक घराने कानटोपी ओढून घेतली आहे. दसरा उलटला तरी येथील पाऊस गेला नव्हता. आणलेली एक छत्री दोघांना अपुरी पडली, आणि या विषयावर जे संभाषण झाले ते येथे देण्याचे कारण नाही.

आगुंबे हे मालगुडी होण्यासाठी सगळ्या गावालाच आपली कामे थोडी बाजूस सारावी लागली. रस्त्यावरच्या घरांना जुने रूप दिले गेले, दुकानांवर मालगुडीच्या पाट्या लागल्या आणि गावकरी स्वतः गर्दीत उभे राहिले. पण या सर्वांचे हृदय म्हणजे 'दोड्डमने'. दोड्डमने म्हणजे मोठे घर; आपल्याकडे वाडा म्हणतात तसे. शंभर वर्षांहून जुने हे घर मालिकेत स्वामीचे घर झाले. लाकडी खांब, मध्यभागी उघडा चौक, भोवती ओसऱ्या, कित्येक पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली जमीन. आम्ही दारात उभे राहून आत येण्याची अनुमती विचारली. आमचे कन्नड ऐकताच आतील वृद्ध बाई हसल्या. आम्ही 'हौद्री' म्हणालो होतो. तो 'री' हा आम्हां उत्तरेकडच्या लोकांचा शिक्का. "बिदरकडचे का? या, मेष्ट्रे, बसा," त्या म्हणाल्या. आम्ही शिक्षक असल्याचे सांगितलेच नव्हते! विचारले तर म्हणाल्या, "दारात उभे राहून आधी घड्याळ पाहिलेत, त्यावरून ओळखले." सौभाग्यवतींना या उत्तराचा जो आनंद झाला तो परतीच्या प्रवासातही ओसरला नव्हता.

कषाय आले. धने, जिरे, मिरी यांची पूड, गूळ आणि दूध घालून केलेले हे गरम पेय मलनाडच्या पावसाला साजेसे आहे. या घराने चित्रीकरणाच्या काळात कलावंतांना आसरा दिला आणि नंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही दार बंद केले नाही. आम्ही ओसरीवर टेकलो. समोरचा तो चौक, तो खांब आम्ही अडतीस वर्षांपूर्वी व्यापाऱ्याच्या वाड्यात मुंग्या येणाऱ्या पडद्यावर पाहिलेले. या खांबाला टेकून स्वामी शाळा चुकविण्याची कारणे शोधत असे. आणि येथेच, वाचकहो, आमची सहल संपून आमची परीक्षा सुरू झाली.

नारायण यांची एक कथा आहे. सोमवारी स्वामीला शाळेत जावयाचे नसते. डोके दुखते म्हणून भागत नाही, तेव्हा तो सांगतो की सॅम्युएल मास्तर उशिरा येणाऱ्या मुलांना अमानुष मारतात. वडील संतापून मुख्याध्यापकांच्या नावे पत्र लिहून देतात. आता पंचाईत अशी, की सॅम्युएल मास्तर तितके दुष्ट नाहीत. पत्र खरे ठरावे म्हणून स्वामी दिवसभर वर्गात उपद्रव करून अखेर मार खातो. आणि पत्र द्यावयास जातो तो मुख्याध्यापकच रजेवर! लहानपणी आम्ही या प्रसंगाला पोट धरून हसलो. पण कादंबरीत दुसरी एक जागा आहे. तेथे मुख्याध्यापक छडी उगारतात, आणि स्वामी ती त्यांच्या हातून हिसकावून खिडकीबाहेर फेकतो आणि शाळेतून पळ काढतो. तेथे हसू अर्ध्यावर राहते.

आम्ही नोकरीस लागून वर्ष-दीड वर्ष झाले होते. १९९५ च्या सुमाराची गोष्ट. सातवीतला एक मुलगा रोज प्रार्थना संपल्यावर येई. आम्ही तरुण होतो, शिस्तीचा अभिमान होता आणि हातात छडी होती. चार दिवस लागोपाठ आम्ही त्याच्या तळहातावर ती चालविली. त्याने कारण सांगितले नाही, कारण आम्ही ते विचारले नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्या शिक्षकांकडून कळले, की तो पहाटे दुधाची किटली घेऊन तालुक्याच्या गावी जातो, रतीब घालतो आणि परत येतो. त्या मुलाजवळ मुख्याध्यापकांस द्यावयाचे पत्र नव्हते, कारण पत्र लिहू शकेल असे त्याच्या घरी कोणी नव्हते. छडी आम्ही त्या दिवशी ठेवून दिली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, तेव्हा आम्ही सभेत मोठ्या समाधानाने सांगितले, की आमच्या वर्गात ती अगोदरच बंद आहे. का बंद आहे, हे सांगितले नाही. त्या मुलालाही कधी काही बोललो नाही. स्वामीच्या ओसरीवर बसून ते आठवले आणि कषाय घशाखाली उतरेना.

नारायण यांना १९८६ मध्ये राज्यसभेचे सदस्य म्हणून नामनियुक्त केले गेले. १९८९ मध्ये ते तेथे बोलावयास उठले ते कोणत्या विषयावर? मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर. साऱ्या जगात कीर्ती मिळविलेला, ऐंशी ओलांडलेला लेखक देशाच्या संसदेत उभा राहून सांगतो, की या लेकरांच्या पाठी वाकल्या आहेत, त्यांना खेळावयास वेळ उरलेला नाही! पुढे याच प्रश्नासाठी प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. आमच्या शाळेत त्याचे परिपत्रकही यथावकाश आले असेल. दप्तरे मात्र तशीच जड आहेत. तरी मालगुडीचा विनोद कोठून येत होता, याचे उत्तर त्या भाषणात सापडते. मोठ्यांच्या जगाकडे हा लेखक मुलाच्या उंचीवरून पाहत होता. त्या उंचीवरून मुख्याध्यापकाचा चेहरा दिसण्यापूर्वी त्याच्या हातातील छडी दिसते.

सायंकाळी गावकऱ्यांच्या सांगण्यावरून घाटमाथ्यावरील सूर्यास्त पाहण्याच्या जागी गेलो. आकाश निरभ्र असेल तर येथून अरबी समुद्र दिसतो. आकाश निरभ्र नव्हते. खाली सोमेश्वराकडे उतरणारी चौदा वळणे धुक्यात गडप झाली होती. शंकर नाग यांची आठवण झाली. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेऱ्याजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना छत्तीसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी पुढे बेंगळूरुत २००४ मध्ये 'रंगशंकरा' हे नाट्यगृह उभे केले. सौभाग्यवती म्हणाल्या, "सूर्य काही दिसला नाही." आम्ही म्हटले, "नाही. पण आलो त्याचे काम झाले." त्यांनी काय काम, असे विचारले नाही. ओसरीवर आम्ही गप्प झालो होतो हे त्यांनी पाहिले होते.

सुटी संपून शाळा भरली. पहिल्याच शनिवारी आम्ही वरच्या वर्गांना शाळेच्या संचावर स्वामीचे भाग दाखविले. मुले हसत होती. पडद्यावर मुख्याध्यापक आले की मात्र सगळ्या माना वळून आमच्याकडे पाहत. आम्ही हसतो आहोत असे दिसले की पुन्हा खिदळत. शेवटी आम्ही विचारले, "हे गाव कुठले असेल?" पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आपलंच आहे. फक्त पाऊस जास्त आहे."

ती मुलगी त्या दुधाच्या किटलीवाल्याची. दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले, तेव्हा आम्ही त्यांना खुर्ची दिली, दार लोटले आणि तीस वर्षे राहिलेले ते वाक्य बोललो. ते बराच वेळ टेबलावरच्या हजेरीपटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, मार आठवतो. कारण आठवत नाही."

त्यांनी क्षमा केली की नाही, हे आम्ही विचारले नाही. तो आमचा अधिकार नव्हे. कारण मात्र आम्ही सांगितले: उशीर त्यांचा नव्हता, घाई आमची होती. त्यांनी मान हलविली. उठताना दारात थांबून ते म्हणाले, "पोरगी हट्ट धरून बसलीय, त्या गावाला जायचं म्हणते. खरंच आहे का हो ते? तिकीट कुठलं काढायचं?"

आम्ही म्हटले, "शिवमोग्ग्याचे काढा. आणि छत्र्या दोन न्या."